गात्या गळ्यांचे दप्तर

इतिहासाच्या अभ्यासकाशी कागद बोलतो, शिलालेख बोलतो, गंजलेले नाणेही बोलते. गाणे मात्र गाणाऱ्याबरोबरच जाते, असे मानण्याची आपणां सर्वांस पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. भाऊराव कोल्हटकरांचेच उदाहरण घ्या. किर्लोस्कर मंडळीच्या रंगभूमीवर शकुंतला आणि सुभद्रा या भूमिकांनी ज्यांनी महाराष्ट्राची एक अवघी पिढी मोहून टाकली, ते भाऊराव १३ फेब्रुवारी १९०१ रोजी निवर्तले. पुढल्याच वर्षी, १९०२ च्या नोव्हेंबरात, ग्रामोफोन कंपनीचे गेस्बर्ग साहेब आपले यंत्र घेऊन कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान प्रभृतींचे गायन तबकडीवर उतरवून घेतले. अंतर अवघे पावणेदोन वर्षांचे. परंतु तेवढ्या अंतराने भाऊरावांचा आवाज महाराष्ट्रास कायमचा अंतरला. आज त्यांच्या गाण्याविषयी आपल्यापाशी आहेत ती केवळ जुन्या रसिकांनी लिहून ठेवलेली विशेषणे. विशेषणांवरून स्वर कसा ओळखावा?

यंत्र नव्हते म्हणून आवाज गेला, हे दुःख एक वेळ सोसता येईल. पण यंत्र दाराशी येऊनही आवाज राहिला नाही, अशीही उदाहरणे आहेत. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये वारले, अल्लादियाखाँ १९४६ मध्ये. त्या वेळी तबकड्या घरोघर वाजत होत्या. बालगंधर्वांच्या पदांनी तर चहाची दुकाने दणाणत होती. तरीही या दोन थोर गवयांची एकही ध्वनिमुद्रिका आपल्या कानी पडत नाही. आणि नुकसानीचा तिसरा प्रकार याहूनही चमत्कारिक आहे. यंत्र आले, आवाज व रूप दोन्ही मुद्रित झाली, फीत कपाटात गेली, आणि तेथेच ती पुसली गेली, बुरसली, किंवा कुलपाआड पडून राहिली. प्रस्तुत लेखात आम्हांस या तिसऱ्या प्रकाराविषयीच काही लिहावयाचे आहे. दूरचित्रवाणीवर एके काळी गाऊन गेलेल्या भक्तिगायकांच्या जुन्या फिती शोधून त्या लोकांत वाटण्याचा जो उद्योग सांप्रत जगभर चालला आहे, तो केवळ हौसेचा खेळ नसून इतिहासाचे कार्य आहे, असे आमचे मत आहे. आणि त्या कार्यात आपल्या कोकणासारख्या मुलखाचा वाटा काय, हाही प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

मराठी वाचकास ही गोष्ट समजण्यास दूर जाण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे हुडकली. वाण्याच्या पुड्या बांधण्यास किंवा वाळवीच्या मुखी जाण्यास निघालेले कागद त्यांनी वाचविले. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला आणि ती माला पुढे बावीस खंडांपर्यंत गेली. कागद वाचविणे हे राजवाड्यांचे अर्धे काम होते. ते छापून कोणाही जिज्ञासूच्या हाती देणे हे दुसरे अर्धे. पेशवे दप्तराची कथा याच्या उलट. ते दप्तर पुण्यास सरकारी बंदोबस्तात सुरक्षित होते. त्यास वाळवीचे भय थोडे, पण सामान्य अभ्यासकास तेथे प्रवेशही दुर्लभ. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले, तेव्हाच त्या दप्तराचा महाराष्ट्रास खरा उपयोग होऊ लागला. राखणे आणि वाटणे या दोहोंपैकी एकच केले, तर काम अपुरे राहते, हा धडा कागदाच्या बाबतीत आपण शंभर वर्षांपूर्वीच शिकलो आहो. तोच आता गात्या गळ्यांना लावावयाचा आहे.

हा उद्योग सर्वांत अधिक उत्साहाने चालला आहे तो अमेरिकेतील नीग्रो समाजाच्या, म्हणजे ज्यांस आज आफ्रिकी अमेरिकन म्हणतात त्या लोकांच्या, गॉस्पेल व सोल या दोन गानप्रकारांच्या बाबतीत. गॉस्पेल म्हणजे त्यांच्या चर्चमधले भजन. गुलामगिरीच्या दिवसांत शेतावर राबताना जी दुःखाची व आशेची गाणी त्यांच्या पूर्वजांनी गाइली, त्यांतून हे भजन उगवले. शिकागोचे टॉमस डॉर्सी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यास आजचे रूप दिले. आपल्या भजनात बुवा चरण म्हणतो आणि मागचे टाळकरी तो उचलून धरतात, पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी झील ओढतात. गॉस्पेलमध्येही तद्वत् पुढील गायिकेच्या प्रत्येक हाकेस मागील मंडळी ओ देतात, आणि समोरची सभाही त्यात सामील होते. सोल हा या भजनाचाच संसारी भाऊ. सॅम कुक, रे चार्ल्स, अरीथा फ्रँकलिन यांनी चर्चमधला तोच आर्त सूर प्रपंचाच्या गाण्यात आणला, तेव्हा देवाचे गाणे बाजारात नेले म्हणून जुन्या मंडळींनी नाके मुरडली. कीर्तनातल्या आणि मैफलीतल्या चाली नाटकात गेल्या तेव्हा आपल्याकडेही असाच गिल्ला झाला नव्हता काय?

या लोकांशी महाराष्ट्राचा ऋणानुबंध जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, ते गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले. त्यापूर्वी दोनच वर्षे, १८७१ मध्ये, दास्यमुक्त झालेल्यांच्या मुलांमुलींसाठी काढलेल्या फिस्क विद्यालयाचा गायकवृंद शाळेस पैसा जमविण्यासाठी बाहेर पडला होता. त्याच नावाने लाउडिन यांनी चालविलेला वृंद १८८९-९० च्या सुमारास हिंदुस्थानातही येऊन गाऊन गेला. पुढे १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी नीग्रोंचे थोर नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे त्या समाजाने जी दाद मागितली होती तिची माहिती मागविली. दोन्हीकडे पिडलेल्या माणसांनी आपले मन आधी गाण्यात मोकळे केले. त्यांच्याकडे गॉस्पेल झाले. आपल्याकडे सत्यशोधकांचे व पुढे आंबेडकरी जलसे झाले.

आणि या ऋणानुबंधातील एक प्रसंग आमच्या विषयाशी अगदी निगडित आहे. गॉस्पेल गायनातील सर्वश्रेष्ठ मानलेली गायिका महेलिया जॅक्सन १९७१ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आली. कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि मुंबई या चारही शहरांत ती गायली. १९६३ मध्ये वॉशिंग्टन येथील प्रचंड मोर्चापुढे, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणापूर्वी जी गायली, तीच ही बाई. मुंबईच्या श्रोत्यांनी तो कंठ प्रत्यक्ष ऐकला. पुढे २७ जानेवारी १९७२ रोजी ती वारली. आणि त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबर रोजी मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झाले. भाऊरावांच्या बाबतीत जे पावणेदोन वर्षांनी झाले, तेच महेलियाच्या बाबतीत वर्ष-दीड वर्षाने झाले. मुंबईने तिचे गाणे ऐकले, पण ते टिपून घेणारा चित्रवाणीचा डोळा तेव्हा मुंबईस नव्हता.

अमेरिका व इंग्लंड यांजकडे तो डोळा होता. म्हणून आज रत्नागिरीच्या एखाद्या खेड्यातही महेलिया डोळे मिटून गाताना पाहावयास मिळते. पण तेथेही सर्व काही राहिले, असे समजू नये. चित्रफीत १९५६ च्या सुमारास निघाली. ती दोन इंच रुंदीची, वजनदार आणि फार महाग असे. म्हणून प्रक्षेपण झाले, की तीच फीत पुसून तिजवर दुसरा कार्यक्रम घेण्याची चाल होती. बी. बी. सी. सारख्या संस्थेनेही साठ व सत्तर या दशकांत आपल्या कित्येक फिती याच रीतीने पुसल्या. जे वाचले त्यातील काही योगायोगाने, आणि काही एखाद्या हट्टी माणसामुळे.

दोन उदाहरणे देतो. १९६४ च्या मे महिन्यात मँचेस्टरजवळील एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर ग्रॅनाडा दूरचित्रवाणीने गाण्याचा कार्यक्रम योजिला. एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर गायक, आणि मधून रूळ! त्या दिवशी पाऊस लागला. सिस्टर रोझेटा थार्प ही गॉस्पेल गायिका घोड्याच्या गाडीतून आली, उतरली, गिटार गळ्यात अडकविले आणि पाऊसपाण्यावरचेच भजन तिने सुरू केले. ती फीत वाचली. रोझेटा १९७३ मध्ये जवळजवळ विस्मृतीत वारली. परंतु ती फीत लोकांत फिरू लागल्यावर गिटारवर अशी हुकमत असलेली ही भजनी बाई कोण, असे नव्या पिढीने विचारण्यास आरंभ केला, आणि २०१८ मध्ये रॉक संगीताच्या मानकऱ्यांत तिचे नाव दाखल झाले. दुसरे उदाहरण न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीचे. तेथे १९६९ च्या उन्हाळ्यात सहा रविवारी मोठा संगीतोत्सव झाला. हाल टल्चिन या गृहस्थाने त्याचे सुमारे चाळीस तासांचे मुद्रण केले. त्यातील थोडेसे त्या वेळी दाखविले गेले. उरलेले सारे विकत घेणारा मिळेना म्हणून सुमारे पन्नास वर्षे पडून राहिले. २०२१ मध्ये त्यावरून 'समर ऑफ सोल' हा अनुबोधपट निघाला, तेव्हा महेलिया आणि तरुण मेव्हिस स्टेपल्स एकाच ध्वनिक्षेपकाशी उभ्या राहून गाताना जगाने पाहिल्या. पन्नास वर्षे तो प्रसंग ठेवलेला होता, पण इतिहासात तो नव्हता.

आता आपल्या घरी वळू. मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या काळातील पुष्कळ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. ते मुद्रितच झाले नाहीत. जे झाले त्यांतीलही अनेक फिती पुन्हा वापरण्यासाठी पुसल्या गेल्या, असे त्या काळच्या निर्मात्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. हे दुर्लक्ष म्हणावे की दारिद्र्य? आमच्या मते दोन्ही. परदेशी चलन तुटपुंजे, फीत परदेशची, आणि उद्याचा कार्यक्रम दारात उभा. अशा वेळी कालचा कार्यक्रम पुसणाऱ्या माणसास फार दोष देता येत नाही. तथापि जे शिल्लक राहिले तेही थोडे नाही. भीमसेन जोशींची संतवाणी, जितेंद्र अभिषेकींचे अभंग, कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने, माणिक वर्मांची भावगीते, शाहीर विठ्ठल उमपांची लोकगीते यांतील काही अंश आज सह्याद्री वाहिनीवरून आणि प्रसार भारतीच्या संग्रहातून यूट्यूबसारख्या माध्यमावर कोणासही पाहता येतो. शिवाय खासगी संग्राहक आहेतच. मुंबईस १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या मंडळाने तबकड्यांच्या बाबतीत जे काम केले, ते पाहिले म्हणजे, सरकारी खजिन्यावाचूनही मूठभर चिकट माणसे केवढा ठेवा राखू शकतात, हे कळून येते.

केवळ आवाज असताना चित्राची मातब्बरी ती काय, असे कोणी विचारील. जुन्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. घरी तास तास रंगणारा राग गवयाला त्या मापात कोंबावा लागे. दूरचित्रवाणीच्या फितीत वेळ अधिक मिळतो, पण खरा लाभ निराळाच. गायक श्वास कोठे घेतो, तान घेण्यापूर्वी तबलजीकडे कसा पाहतो, तंबोरा लावता लावता मान कशी हलवितो, संवादिनीवाला एखादी जागा कशी उचलतो, आणि ती उचलली म्हणजे गायकाच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे तबकडी सांगत नाही. गुरूसमोर बसून शिष्य जे डोळ्यांनी शिके, त्यातला काही भाग तरी ही फीत पुढील पिढीस शिकविते.

या सर्वात कोकणाचा संबंध कोठे येतो, हे आता सांगितले पाहिजे. आमचे हातखंबा हे मुंबई-गोवा हमरस्त्यावरचे गाव. रत्नागिरीहून येणारा व पुढे कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथेच या हमरस्त्यास मिळतो. हातखंब्याचा तिठा म्हटले, की एस. टी. ने प्रवास केलेल्या प्रत्येकास ओळख पटते. गाणे येथे काही कमी नाही. गणपतीत घरोघरी भजन, शिमग्यात पालखी आणि खेळे, श्रावणात सप्ते, बायकांच्या फुगड्या आणि झिम्मे, जाखडीचे शक्ती-तुऱ्याचे सामने, आणि दोन बुवा समोरासमोर बसून रात्र जागविणारी डबलबारी. या गावांतील तरुण पोटासाठी मुंबईस गेले. त्यांनी आपले भजन गिरणगावातल्या चाळींत नेले. १९७२ मध्ये मुंबईस दूरदर्शन आले, ते चाळीतल्या एखाद्या बिऱ्हाडात सर्व मजल्यांनी दाटीवाटीने बसून पाहिले. परंतु त्याच चाकरमान्यांची आईबापे ज्या गावी होती तेथे काय होते? मुंबई केंद्राच्या लहरी मुंबईच्या आसपासच पोचत; १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावरून सोय झाली. मुंबईपासून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर, डोंगरांच्या कुशीतील रत्नागिरी जिल्हा मात्र कोरडाच राहिला. येथे १९७७ मध्ये आकाशवाणी केंद्र आले. चित्र दिसू लागले ते १९८४ नंतर देशभर लहान प्रक्षेपकांचे जाळे पसरू लागले त्या काळात. म्हणजे सत्तरच्या दशकात मुंबईच्या पडद्यावर जे जे गायले गेले, ते ज्या समाजाच्या भक्तीतून आले होते, त्याच समाजाच्या मोठ्या भागाने ते पाहिलेले नव्हते.

हे ध्यानी घेतले म्हणजे जुन्या फिती लोकांत वाटण्याचा अर्थ पालटतो. शहरातल्या मनुष्यास ती जुन्या दिवसांची आठवण; येथल्या वृद्धास मात्र तो पन्नास वर्षे उशिराने का होईना, पण पहिलाच कार्यक्रम आहे. गेल्या काही वर्षांत गणपतीच्या दिवसांत आरती आटोपल्यावर मुंबईहून आलेला एखादा नातू आपला मोबाईल घरातल्या पडद्यास जोडतो आणि जुनी संतवाणी लावतो, हे आम्ही अनेक घरांतून पाहिले आहे. अशाच एका घरी संतवाणीमागून त्या मँचेस्टरच्या फलाटावरील रोझेटाही लागली. ओसरीवर एक वृद्ध बुवा बसले होते. आयुष्य भजनात गेलेले, इंग्रजीचा गंध नाही. त्यांनी ते सबंध ऐकले आणि म्हणाले, "बाय काय बोलते ता कळत नाय, पन देवाला समोर बसवून गाते. बाला, पुना लाव." गॉस्पेलवर पुष्कळ पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे, याहून नेमके आमच्या वाचनात आलेले नाही.

तथापि या वाटपास विरोधी असे जे आक्षेप आहेत, ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा, की घरबसल्या भीमसेन मिळाले, तर गावचे भजन कोण ऐकणार? यात तथ्य आहे. उत्तमाच्या सतत सहवासाने मध्यमाची गोडी कमी होते. परंतु अनुभव असाही आहे, की गावातील पोरे मोबाईलवरून चाली उचलतात व रात्री भजनात म्हणतात. तबकडीच्या काळातही बालगंधर्वांची पदे ऐकून हजारो गळे गाते झाले, मुके झाले नाहीत. भय आहे ते निराळ्या जागी. जे मुद्रित आहे तेच खरे गाणे आणि जे मुद्रित नाही ते हलके, असे लोकांस वाटू लागले, तर नमन-खेळ्यांतील गवळण आणि जाखडीतील सवाल-जबाब एका पिढीत संपतील. म्हणून वाटण्याबरोबर टिपण्याचेही काम चालू राहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप हक्काचा. गाणे गायकाचे, मग ते कोणीही उचलून कोठेही लावावे काय? १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा ध्वनिमुद्रणास व चित्रमुद्रणास प्रसिद्धीपासून साठ वर्षांचे संरक्षण देतो. गायकवादकांस स्वतःच्या प्रयोगावर पन्नास वर्षांचा हक्क नंतरच्या दुरुस्त्यांनी मिळाला आहे. संतांचे अभंग सर्वांचे, पण त्यास लावलेली चाल व केलेले गायन कोणाचे तरी असते. अरीथा फ्रँकलिनची गोष्ट येथे विचारात घेण्यासारखी आहे. १९७२ च्या जानेवारीत लॉस एंजेलिस येथील एका चर्चमध्ये दोन रात्री ती गॉस्पेल गायली. त्याची ध्वनिमुद्रिका जगभर खपली. परंतु सोबत घेतलेले चित्र ध्वनीशी जुळविता येईना, म्हणून ते तसेच पडले. पुढे नव्या तंत्राने ते जुळले. तेव्हा आपल्या अनुमतीवाचून ते दाखवू नये म्हणून तिने न्यायालयात धाव घेतली व प्रदर्शन थांबविले. २०१८ मध्ये ती वारल्यावर, तिच्या कुटुंबाच्या संमतीने, ते प्रकाशात आले. रसिक म्हणून आपणांस वाटते, की हे आधीच पाहावयास मिळते तर बरे. परंतु जिचा गळा तिला 'नाही' म्हणण्याचा अधिकार होता, हे मान्य केलेच पाहिजे. जिच्या पूर्वजांच्या देहावर दुसऱ्याचा हक्क चाले, तिने निदान आपल्या आवाजावर स्वतःचा हक्क सांगावा, यात गैर काय?

आपल्याकडे हा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण आपले पुष्कळ लोकगायक गरिबीत जगले व गरिबीतच गेले. वामनदादा कर्डकांसारख्या कवीची गीते महाराष्ट्रभर हजारो कंठांतून गाइली गेली; ती म्हणणाऱ्यांपैकी कितीकांस त्यांचे कर्ते ठाऊक असतील? प्रल्हाद शिंदे यांचा आवाज मंदिरापासून उरुसापर्यंत आणि पंढरीच्या वाटेपासून दीक्षाभूमीपर्यंत सर्वत्र घुमला. असे आवाज आज फुकट वाटले जातात, तेव्हा त्या वाटपावर जाहिरातींचा पैसा कोणास तरी मिळत असतो. तो गायकाच्या वारसास न मिळता तिसऱ्याच्याच खिशात जात असेल, तर त्यास इतिहासकार्य म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप आम्हां इतिहासाच्या लोकांचा आहे, आणि तो सर्वांत सोपा असूनही सर्वांत दुर्लक्षित आहे. आज फिरणाऱ्या जुन्या फितींपैकी बहुतेकांवर मुख्य गायकाचे नाव तेवढे असते. कार्यक्रम कोणता, वर्ष कोणते, स्थळ कोणते, तबल्यास कोण, संवादिनीस कोण, मागे टाळ कोणी धरला, याचा पत्ता नसतो. कोणी आरंभ कापलेला, कोणी शेवट. कोणी मूळ चिन्ह पुसून आपले ठोकलेले. ज्यावर मिती नाही, स्थळ नाही, लिहिणाऱ्याचे नाव नाही, असा कागद राजवाड्यांपुढे ठेवला असता, तर त्यांनी त्याचे काय मोल केले असते? नव्या यंत्राने कोणाचाही आवाज व मुद्रा हुबेहूब बनविता येऊ लागली आहे, अशा काळात तर मूळ फितीची वंशावळ लिहून ठेवणे हे अत्यंत अगत्याचे झाले आहे. एरवी पन्नास वर्षांनी भीमसेनांचा खरा अभंग कोणता आणि बनावट कोणता, हे ठरविण्यास साक्षीदार उरणार नाही.

मग करावे काय? मोठ्या संस्थांनी आपली कोठारे लवकर उघडावीत, हे तर झालेच. फीत ही अमर वस्तू नव्हे. तिच्यावरील चुंबकी लेप ज्या चिकटद्रव्याने बसविलेला असतो, ते दमट हवेने सुटू लागते. मग फीत यंत्रास चिकटते आणि लेप खरवडून निघतो. शिवाय ती वाजविणारी जुनी यंत्रे व ती दुरुस्त करणारे हात दोन्ही दुर्मीळ होत आहेत. २००३ च्या जानेवारीत पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूटच्या कोठाराला लागलेल्या आगीत आपल्या चित्रपटांच्या जुन्या नायट्रेट फिती खाक झाल्या, हे आपण विसरू नये. एका जागी ठेवलेली एकच प्रत आगीच्या किंवा पुराच्या एका फटक्यात जाते; दहा ठिकाणी वाटलेली सहसा जात नाही. वाटणे हेच राखण्याचेही साधन आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी पोथ्यांच्या नकला करून सिद्धच केली होती.

पण सारे काही मुंबई-पुण्यावर सोपवून आम्ही कोकणवासीयांनी हात जोडून बसणे योग्य नव्हे. येथल्या कित्येक घरांत लग्नाच्या, सप्त्याच्या, डबलबारीच्या कॅसेटी आणि चित्रफिती माळ्यावर पडून आहेत. चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारी हवा त्यांस खात आहे. त्यात गाणारे अनेक बुवा आता नाहीत. महाविद्यालयांतील मराठीच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एका सुट्टीत आपापल्या गावातील अशा फितींची नुसती यादी केली, तरी ते मोठे काम होईल. ती करताना घरच्या वृद्धांस समोर बसवून विचारावे, की हा मृदंग कोणाचा, ही चाल कोणी बसविली, हे वर्ष कोणते. घरच्यांची अनुमती घ्यावी. ती दिली तर त्या फितीची नक्कल करून तिजवर सर्व नावे लिहावीत, आणि मगच ती चारचौघांत द्यावी. नकार मिळाला, तर नक्कल घरच्यांच्याच हवाली करून नमस्कार करून यावे. या कामास फारसा पैसा लागत नाही. वेळ मात्र थोडा उरला आहे, कारण ती नावे सांगू शकणारी माणसे रोज एकेक करून जात आहेत.

भाऊराव कोल्हटकरांच्या काळी महाराष्ट्रास यंत्र मिळाले नाही, आणि महेलिया जॅक्सन गाऊन गेली तेव्हा मुंबईस चित्रवाणी नव्हती. या दोहोंबद्दल कोणासही दोष देता येणार नाही. आज मात्र प्रत्येकाच्या खिशात मुद्रणाचे यंत्र आहे आणि वाटण्याचे साधनही आहे. अशा काळात हातखंब्याच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही गावच्या एखाद्या बुवाचा गळा नावानिशी राहिला नाही, तर आमच्यानंतरचे इतिहासकार त्याचा दोष काळाला देणार नाहीत; तो आम्हांलाच देतील, आणि ते योग्यच होईल.